पिंजरा लावणाऱ्याचें कर्तव्य



मार्गशीर्ष सरतां सरतां वऱ्हाडांत थंडी पडूं लागते. ज्वारीचीं कणसें खळ्यावर येतात, तूर वाळूं लागते, कापसाच्या गाड्या बाजारास निघतात, आणि धान्य घरांत आलें कीं त्याच्या मागोमाग उंदीरही घरांत येतात. मग माळ्यावर पडलेला तारेचा पिंजरा खालीं निघतो. त्याच्या आंकड्याला भाकरीचा तुकडा किंवा खोबऱ्याची चकती अडकवून, दार ओढून, तो कणगीजवळ ठेवून घरधनी झोपीं जातो. हें काम इतकें रोजचें आहे कीं त्यांत विचार करण्यासारखें कांहीं असेल असें कोणास वाटत नाहीं. तथापि या लहानशा पिंजऱ्यानें आमच्यापुढें एक प्रश्न उभा केला, व तो आम्ही आज आपल्यापुढें मांडूं इच्छितों. प्रश्न असा: ज्याला आपण कोंडतों, त्याचें आपण कांहीं देणें लागतों काय? आणि तो आपलें नुकसान करणारा असला, तर तें देणें फिटतें काय?

हा प्रश्न कसा उद्भवला तें प्रथम सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमचें बिऱ्हाड मोर्शी तालुक्यांतील एका खेड्यांत होतें. अंगणांत एक मोठा कडुनिंब होता व त्यावर खारींची वस्ती होती. पाठीवर पांच पट्टे असलेला हा चपळ प्राणी आपणां सर्वांस ठाऊक आहे. उन्हाळी भुईमुगाचें बियाणें आम्हीं ओसरीच्या कोपऱ्यांत पोत्यांत ठेविलें होतें. उंदरांनीं पोतें कुरतडलें, म्हणून आम्हीं पिंजरा लाविला. तो लाविला भर दुपारीं. आणि थोड्याच वेळांत शेजारच्या गांवांतून एका आजारी बंधूकडे येण्याविषयीं निरोप आला. आम्ही गेलों, रात्र तेथेंच काढिली, आणि पिंजऱ्याची आठवण आम्हांस एकदांही झाली नाहीं. त्या रात्रीं थंडी फार होती. दुसरे दिवशीं दहा वाजतां परत येऊन पाहतों, तों पिंजऱ्यांत उंदीर नव्हता, खार होती. तिनें अंगाचें मुटकुळें केलें होतें, नाक शेपटीखालीं खुपसलें होतें, व ती मेलेली होती. आमिषाचा तुकडा अर्धा तसाच होता.

वर कडुनिंबाच्या बेचक्यांत तिचें घरटें होतें. त्यांतला कापूस तिनें आमच्याच गादीच्या फाटक्या कोपऱ्यांतून ओढून नेला होता, आणि त्यावरून आठ दिवसांपूर्वीं आम्हीं तिला हांकलूनही लाविलें होतें. त्या कापसापासून वीस हातांवर ती गारठून मेली.

त्या वेळीं शेजारची एक म्हातारी बाई ताक घेऊन आली होती. तिनें पिंजऱ्याकडे पाहिलें, थोडी थांबली, व म्हणाली, “पाळकसाहेब, धरलं तं तुमीनं. मंग तिले पाह्याचं कोनं?” सेमिनरींत आम्हीं नीतिशास्त्राचे पुष्कळ पाठ घेतले होते, परंतु या प्रश्नाचें उत्तर आम्हांस तत्काळ देतां आलें नाहीं. तेव्हांपासून जें विचारांत आलें तें येथें क्रमानें लिहितों.

कोणी म्हणेल, एका खारीसाठीं एवढा खेद कशाला? आपल्या शेतकरी बांधवांचा हा आक्षेप आम्ही हलका समजत नाहीं. ज्याच्या घरांत वर्षाचें धान्य एका कणगींत मावतें, त्याला उंदरानें नेलेला शेरभर दाणाही जाणवतो. पेरलेले भुईमुगाचे दाणे खारीनें उकरले तर तेवढी जागा वांझ राहते. उंदरापासून तर धान्यापेक्षां मोठें भय असतें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला व पुढें तो देशांत पसरला. १८९८ सालीं कराचींत पॉल लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यानें असें दाखविलें कीं उंदरांवरील पिसवा हा रोग एका देहांतून दुसऱ्या देहांत नेतात. तेव्हां उंदीर धरूंच नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. घरांत लेंकरें निजलीं असतां उंदरांना मोकळें रान देणें ही दया नव्हे. धरावें कीं धरूं नये हा आमचा प्रश्नच नाहीं. धरल्यानंतर काय, एवढाच प्रश्न आहे.

दुसरा कोणी म्हणेल, थंडीनें रानांत किती तरी जीव मरतात. त्यांचा हिशेब कोणी ठेवितो काय? ती खार थंडीनें मेली, त्यांत तुमचा काय अपराध? हा आक्षेप पहिल्याहून सूक्ष्म आहे, आणि त्याचें उत्तर देण्यासाठीं सृष्टीचा एक साधा नियम समजून घेतला पाहिजे. गरम पाण्याची एक वाटी आणि एक हंडा शेजारीं शेजारीं ठेवा. वाटी आधीं निवते. देह जितका लहान, तितकें त्याच्या वजनाच्या मानानें बाहेरचें अंग अधिक, आणि तितकी त्याची उष्णता लवकर निघून जाते. आपल्याकडील खारीचें वजन सुमारें १०० ग्रॅम, घरांतल्या लहान उंदराचें त्याहूनही पुष्कळ कमी. चिचुंद्रीचा देह तर इतक्या वेगानें अन्न जाळितो कीं पिंजऱ्यांत फार वेळ उपाशी राहणें तिला सोसत नाहीं. मे महिन्यांत अकोल्यास पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून आपला प्रांत उन्हाचाच असें आपण समजतों. परंतु थंडीची लाट आली म्हणजे पौषांत अकोला व अमरावती येथें तोच पारा १० अंशांखालीं उतरतो, आणि सुमारें १,१०० मीटर उंचीवरील चिखलदऱ्यास थंडी याहून कडक असते. पाणी गोठत नाहीं हें खरें. परंतु एवढ्याशा देहाला मरण्यासाठीं पाणी गोठण्याची वाट पाहावी लागत नाहीं.

मग रानांतल्या खारी रोज रात्रीं कां मरत नाहींत? कारण त्यांनीं आपली तजवीज करून ठेविलेली असते. खार दिवसां हिंडते व रात्रीं घरट्यांत शिरते. त्यांत कापूस, सुतळीचे धागे, वाळलेलें गवत असतें. उघड्या लोखंडी तारेवर ती कधीं रात्र काढीत नाहीं. म्हणून ‘थंडीनें तिला मारिलें’ हें म्हणणें अर्धेंच सत्य आहे. थंडी आदल्या रात्रींही होती, आणि आदल्या रात्रीं ती जगली होती. दोन रात्रींत अंतर एवढेंच होतें कीं दुसऱ्या रात्रीं आम्हीं तिची तजवीज तिच्यापासून हिरावून घेतली होती, आणि तिच्या ऐवजीं दुसरी कांहीं दिली नव्हती.

यावरून आम्हांस जो नियम दिसतो तो असा: ज्याची स्वतःची काळजी घेण्याची शक्ति आपण काढून घेतों, त्याची काळजी त्या क्षणापासून आपल्याकडे येते. हें ऋण प्रेमामुळें उत्पन्न होत नाहीं. त्या खारीवर आमचें प्रेम नव्हतें, उलट रागच होता. तें दार पडल्यामुळें उत्पन्न होतें. मोकळ्या खारीचें आम्ही कांहीं देणें लागत नव्हतों. कोंडलेल्या खारीचें लागत होतों. म्हातारीनें आपल्या वऱ्हाडी बोलींत सहा-सात शब्दांत हेंच विचारिलें होतें.

आतां पिंजऱ्याविषयींही थोडें सांगितलें पाहिजे. कारण या कर्तव्याचा आरंभ दार पडण्याच्या आधींपासून होतो. थंडीच्या दिवसांत पिंजरा नीट चालत नाहीं अशी तक्रार पुष्कळ घरीं ऐकूं येते. याचें कारण बहुधा आपल्याच हातांत असतें. आपल्यांतील किती तरी लोक बिजागरीला व स्प्रिंगेला खोबरेल लावितात. खोबरेल सुमारें २४ अंशांखालीं थिजतें, हें हिवाळ्यांत बाटली उन्हांत ठेवणाऱ्या प्रत्येक बाईस ठाऊक आहे. तेंच बिजागरींत थिजलें म्हणजे आंकडा चिकटतो व दार जड होतें. ओसरीवर किंवा अंगणांत ठेविलेल्या पिंजऱ्यावर दंव पडतें, त्यानें तार गंजते, लांकडी फळी फुगते. मग दार एक तर पडतच नाहीं, किंवा अर्धेंच पडतें. न पडलें तर आपला भाकरीचा तुकडा जातो, एवढेंच. परंतु अर्धें पडलें, तर प्राण्याची शेपटी किंवा मागचा पाय त्यांत सांपडतो, आणि तो रात्रभर ओढीत राहतो. वाईट चालणारा पिंजरा चांगल्या पिंजऱ्याहून अधिक क्रूर असतो. म्हणून गंज घासून काढणें, शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब बिजागरीला देणें, पिंजरा ओल्या जमिनीवर न ठेवितां दोन विटांवर ठेवणें, आणि लावण्यापूर्वीं काडीनें आंकडा हलवून दार पांच-दहा वेळां पाडून पाहणें, हीं कामें क्षुल्लक असलीं तरी धर्माचींच आहेत असें आम्ही समजतों.

ज्या देशांत पाणी खरोखर गोठतें, तेथील लोकांस हा विचार आपल्याहून अधिक करावा लागतो. उत्तर अमेरिकेंतली करडी खार १८७६ सालीं इंग्लंडांत नेऊन सोडण्यांत आली. ती तेथें इतकी वाढली कीं तिच्यामुळें तेथील मूळची तांबडी खार मागें हटली, आणि झाडांच्या साली सोलून तिनें वनांचेंही नुकसान केलें. म्हणून तिला पिंजरे लावून धरितात. कडक हिवाळ्यांत पिंजऱ्याच्या तळची पायपट्टी बर्फानें धरून बसते व दाराची कडी जाम होते. यावर उपाय म्हणून पिंजरा जमिनीपासून उंच व आडोशाला ठेवितात, वरून झांकितात, आणि आंत वाळलें गवत घालितात. धरलेली करडी खार पुन्हा सोडण्यास इंग्लंडांत आतां कायद्यानें मनाई आहे. म्हणजे तिचा शेवट ठरलेलाच असतो. तरीही दिवसांतून निदान एकदां प्रत्येक पिंजरा पाहिलाच पाहिजे असा तेथें दंडक आहे. तसेंच, रानांतील उंदरांचा अभ्यास करणाऱ्या चिटी व केम्पसन या शास्त्रज्ञांनीं १९४९ सालीं एका नव्या पिंजऱ्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. लाँगवर्थ या नांवानें तो ओळखला जातो. त्यांत प्रवेशाच्या बोगद्यापलीकडे एक लहानशी पेटी असते, व तींत गवत आणि दाणे घालितात, कीं सांपडलेला जीव सकाळपर्यंत ऊबेंत राहावा. म्हणजे त्या पिंजऱ्यांत बिछान्याची जागा आरंभापासूनच योजिलेली आहे.

येथें सर्वांत कठीण प्रश्न येतो. ज्याला उद्यां मारावयाचें, त्याला आज ऊब कां द्यावी? हें ढोंग नव्हे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. उंदीर मारण्याचें समर्थन आपण कशानें करितों? गरजेनें: धान्य वांचावें, रोग टळावा. परंतु गरज जेवढें मागते तेवढ्याचेंच समर्थन करिते. रात्रभर गारठण्यानें एक दाणाही वांचत नाहीं. पोरांनीं पिंजऱ्यांतील उंदरास काड्यांनीं डिंवचल्यानें किंवा त्याच्यावर कढत पाणी ओतल्यानें एकही रोग टळत नाहीं. जो क्लेश कोणत्याही गरजेच्या कामीं येत नाहीं, त्याला गरजेचें नांव देतां येणार नाहीं. त्याचें खरें नांव निष्काळजीपणा किंवा क्रौर्य हेंच आहे. फांशीची शिक्षा झालेल्या कैद्यासही शेवटच्या दिवसापर्यंत अन्न व पांघरूण मिळतें, आणि त्यांत कोणास विसंगति दिसत नाहीं. शिक्षेनें त्याचा प्राण मागितला, थंडी मागितली नाहीं.

जर्मन तत्त्ववेत्ता कांट याचें मत असें होतें कीं जनावरांशीं क्रूरपणें वागणारा मनुष्य माणसांशींही कठोर होतो, म्हणून क्रौर्य टाळावें. हें खरें आहे. डिंवचणारीं पोरें उद्यां काय होतील याची काळजी प्रत्येक बापानें करावी. तरी आमच्या मतें एवढें पुरेसें नाहीं. त्या रात्रीं आम्ही घरीं नव्हतों, आम्हीं कांहीं पाहिलें नाहीं, आमचें मन कठोर होण्याचा प्रसंगही आला नाहीं. आणि तरी जें घडलें तें वाईटच होतें, कारण तें तिला घडलें. बेंथम या इंग्रज विचारवंतानें १७८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत प्राण्याच्या बुद्धीपेक्षां त्याच्या दुःखाकडे पाहण्यास सुचविलें, तें आम्हांस अधिक बरोबर वाटतें. खारीला आपण ‘चोर’ म्हणतों, पण मालकी म्हणजे काय हें तिला कळत नाहीं; तिच्या लेखीं आमची गादी व सांवरीचें बोंड यांत भेद नव्हता. गारठा मात्र तिला कळत होता.

हा विचार परका आहे असें कोणी समजूं नये. मळणीच्या बैलाच्या तोंडाला मुसकें बांधूं नये, ही आज्ञा पवित्र शास्त्रांत आहे हें आपण जाणतां. बैल मोकळा असता तर चरला असता. आपण त्याला खळ्यावर जुंपिलें, म्हणून त्याच्या तोंडचा घांस हें आपलें देणें झालें. शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेले व १९५६ सालीं वलगांवाजवळ देह ठेवलेले गाडगेबाबा याच अमरावती जिल्ह्यांतले. त्यांनीं गांवोगांव आपल्या कीर्तनांतून मुक्या जनावरांना अभय द्या म्हणून सांगितलें, व देवाच्या नांवानें बकरीं कापण्यास विरोध केला. त्यांचा मार्ग आमच्याहून निराळा होता, तरी या एका गोष्टींत त्यांच्या शेजारीं उभें राहण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. आपल्या देशाच्या १९६० च्या कायद्यानेंही प्राण्यांशीं निर्दयपणें वागणें, त्यांना हालतां येणार नाहीं अशा अरुंद पिंजऱ्यांत कोंडणें, हा अपराध ठरविला आहे. खारीविषयीं तर हेंही ध्यानांत ठेवावें कीं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें उंदरांस उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचींत घातलें, पण पांच पट्ट्यांच्या खारीचें नांव संरक्षितांच्या अनुसूचींत घातलें होतें. २०२२ च्या दुरुस्तीनें या अनुसूचींची मांडणी बदलली व उपद्रवी प्राण्यांची निराळी अनुसूची राहिली नाहीं. तथापि त्या भेदांतला शहाणपणा अजून खरा आहे: उंदरासाठीं लाविलेला पिंजरा खारीसाठीं नव्हता.

आतां वाचकांपैकीं कोणी म्हणेल, पिंजऱ्यापुरतें हें ठीक. आमच्या घरीं पिंजराच नाहीं. परंतु दार पाडणें हें केवळ तारेच्या पिंजऱ्यानेंच होतें असें नाहीं. ज्यानें बैल दावणीला बांधला, त्यानें त्याची विहिरीची वाट बंद केली. ज्यानें सालदाराला उचल देऊन वर्षभरासाठीं बांधून घेतलें, त्यानें दुसरीकडे काम शोधण्याची त्याची मोकळीक विकत घेतली. मग तो तापानें पडला तर त्याच्या औषधाची गोष्ट ‘त्याचा तो पाहील’ म्हणून टाळतां येणार नाहीं. वेठबिगारीची पद्धत १९७६ च्या कायद्यानें बंद केली, कारण त्या व्यवहारांत दार पाडणारे पुष्कळ होते व पाहणारा कोणी नव्हता. घरांत आंथरुणाला खिळलेली सासू, वसतिगृहांत ठेविलेलें मूल, रुग्णालयांत सोडून आलेला बाप, यांस आपण प्रेमानेंच ठेविलेलें असतें. तरी त्यांची स्वतः उठून आपलें पाहण्याची शक्ति आपल्या हातीं आली आहे, हें आपण विसरतों. आम्ही त्या रात्रीं एका आजाऱ्याची सेवा करीत होतों. काम चांगलेंच होतें. परंतु एका ठिकाणीं केलेल्या चांगल्या कामानें दुसऱ्या ठिकाणचें देणें फिटत नाहीं, हेंही आम्हीं त्या सकाळीं शिकलों.

शेवटीं, जे बंधुभगिनी पिंजरा वापरितात त्यांच्यासाठीं चार गोष्टी सांगून हा लेख पुरा करितों. पहिली, धान्य व बियाणें पत्र्याच्या कोठींत घट्ट झांकून ठेवा, म्हणजे पुष्कळदां पिंजऱ्याची गरजच पडत नाहीं. दुसरी, पिंजरा दिवे लागल्यावर लावा व उजाडतांच पाहा, आणि दिवसां त्याचें दार बांधून ठेवा. उंदीर रात्रीं हिंडतो व खार दिवसां, म्हणून एवढ्यानेंच खार वांचते. उन्हाळ्यांत हाच नियम दुप्पट पाळावा, कारण उन्हांत राहिलेला पिंजरा घटकाभरांत तव्यासारखा तापतो. तिसरी, थंडींत पिंजऱ्याच्या तीन बाजू गोणपाटानें झांका, आंत मूठभर वाळलें गवत किंवा सरकी काढलेला कापूस टाका, पण तो आंकड्याला किंवा दाराला अडकणार नाहीं असा मागच्या कोपऱ्यांत ठेवा. आणि आमिष पोट भरेल एवढें असूं द्या. चौथी, खार सांपडलीच तर पिंजऱ्यावर फडकें टाकून, उघड्या हातानें तिला न धरितां, ऊन पडल्यावर त्याच झाडाखालीं दार उघडा. तिला दूर नेऊं नका. वर घरट्यांत पिलें असतील. गारठून निपचीत पडली असेल तर विस्तवाजवळ नेऊं नका व तोंडांत दूध-पाणी ओतूं नका. कोरड्या कापसांत, ऊबदार खोलींत ठेवा, आणि हालूं लागली म्हणजे सोडा. उंदीर मारावयाचाच असेल तर एका क्षणांत मारा, आणि पोरांचा खेळ होऊं देऊं नका.

सेतूच्या जुन्या कथेवरून ‘खारीचा वाटा’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेंत आला, आणि लहानांच्या लहान मदतीसाठीं आपण तो वापरितों. खारीनें काय दिलें याचा त्यांत गौरव आहे. आपण तिला काय देणें लागतों हें मात्र आम्हांस त्या म्हातारीनें विचारीपर्यंत सुचलें नव्हतें. पुढें एकदां तिची गांठ पडली तेव्हां आम्हीं सांगितलें, “बाई, पाहायचं आमच्याकडेच होतं.” ती एवढेंच म्हणाली, “मंग आतां पाहा.”

वाचकहो, आज रात्रीं आपण पिंजरा लावणार असाल, तर सकाळीं तो कोण पाहणार हें ठरवून मगच त्याचें दार ओढा.